गुलाल न घेणारे मगदूम सर

मगदूम सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला मैदानाबाहेर काढलं तेव्हा. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी आमच्या पेठेच्या फुटबॉल संघातून खेळत होतो आणि सरांनी खिशातून लाल कार्ड काढून माझ्या नाकासमोर धरलं. तो फाऊल नव्हता, असं माझं मत आजही कायम आहे. दुसऱ्या दिवशी सर राजारामपुरीतल्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आले, एक बल्ब घेतला आणि म्हणाले, "नियमावरनं एवढा भांडतोस, तर नियम एकदा वाच की. रेफरी हो." मी रागाच्या भरात हो म्हणालो आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या हाताखाली लाइन्समन म्हणून धावत राहिलो.

श्री. विरूपाक्ष मगदूम मूळचे गडहिंग्लजकडचे. कोल्हापुरात हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि सुट्टीच्या दिवशी रेफरी. यंदा सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरवग्रंथ. माझ्याकडे लेख मागताना समितीतल्या एका ज्येष्ठांनी हळूच सुचवलं, "त्या आजाराचं काही नको. शुभकार्य आहे." मी सरांनाच विचारलं. सर म्हणाले, "मग लिवणार काय? शिट्टी चांगली वाजवतो म्हणून?" तेव्हा मी आजाराचं लिहिणार आहे आणि त्याचं नाव कॅन्सर असं सरळ लिहिणार आहे. ज्यांना हे अशुभ वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

त्याआधी एका सामन्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाहेरगावच्या वाचकांना कल्पना यायची नाही, पण आमच्याकडे दोन पेठांचा सामना म्हणजे दोन भावकींचा वाद असतो. अशाच एका अंतिम सामन्यात वेळ संपत आली असताना सरांनी पेनल्टी दिली, तीही ते स्वतः राहत होते त्या पेठेविरुद्ध. मैदानात चपला आल्या, नारळाच्या करवंट्या आल्या. सर मध्यभागी हाताची घडी घालून उभे राहिले आणि सगळं थंड झाल्यावर पेनल्टी मारायला लावली. सामना संपला. जिंकलेल्या पेठेची पोरं गुलालाची पोती घेऊन धावली आणि सरांना खांद्यावर घ्यायला निघाली. सर ओरडले, "हात लावू नका. रेफरीला गुलाल लावायचा न्हाय. उद्या हरलेल्या पेठेतनंच दळण आणायला जायचं हाय मला." त्या दिवशी सगळं मैदान गुलाबी झालं होतं आणि सरांचा काळा शर्ट तेवढा काळा राहिला होता. सामन्यानंतर मागच्या गल्लीने सायकलवरून घरी जायची त्यांची रीत तेव्हापासून साऱ्या शहराला ठाऊक झाली.

दोन हजार सालानंतर केव्हातरी सर मैदानावर दमू लागले. पोटात जळजळ, रक्त कमी, चेहरा उतरलेला. खारातली मिरची फार होते, असं आम्ही सगळे म्हणायचो. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिली. जठराच्या आतल्या अस्तरावर एक लहानसा डाग होता. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. नशिबाने वरवरचा होता, खोल गेलेला नव्हता. जठराचा मोठा भाग काढून टाकणं हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग मुंबईत होता, तोंडातून नळी घालून तेवढाच डाग आतून सोलून काढायचा. डाग दुसऱ्या मार्गात बसणारा आहे, असं दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सर मुंबईला गेले. पोटावर एक टाका न घेता परत आले.

आणि कोल्हापुरात काय झालं? पेठेने मिरवणूक काढली. हलगी, फटाके, गुलालाची पोती. "सर जिंकलं!" म्हणत पोरं दारात आली. त्यात पेनल्टीवरून चपला फेकणारेही होते, हे मी मुद्दाम नोंदवतो. सर दारात आले, अंगात बनियन, आणि त्यांनी हात वर करून हलगी थांबवली. "निकाल लागलेला न्हाय," ते म्हणाले. "डाग काढलाय, पोट त्येच हाय. दुसरीकडं उगवू शकतंय. दरवर्षी नळी गिळायची हाय. गुलाल घरी न्या." पोरं हिरमुसली. सरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, सगळ्यांना चहा दिला आणि आत जाऊन रडल्या.

काकूंचं रडणं मी समजू शकतो. घरात, नात्यात, सगळीकडे लोक त्यांना सांगत होते की आता झालं ते झालं, देवाने वाचवलं, पुन्हा पुन्हा बघायला जाणं म्हणजे दुखण्याला आवतण देणं. एका पाहुण्याने तर सांगितलं, बरं झालेल्या माणसाने दवाखान्याची पायरी चढली की देवावरचा विश्वास उडाल्यासारखं होतं. सरांनी त्यांना विचारलं, "पावणं, तुमी रातीला दाराला कडी लावता का न्हाय? मग देवावर विश्वास न्हाय व्हय तुमचा?" पाहुणे त्यानंतर बरेच दिवस आले नाहीत.

तपासणीत जठरात जंतूही सापडले होते, ते मारायच्या गोळ्या सरांनी पूर्ण घेतल्या. खारातली मिरची सोडली, आणि तीच सर्वांत मोठी शिक्षा होती असं ते आजही म्हणतात. गोळ्यांनी धोका कमी होतो, संपत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते आम्हा सगळ्यांना पाठ करायला लावलं. दरवर्षी ठरल्या वेळी ते उपाशीपोटी दवाखान्यात जात आणि नळी गिळत. घशाला भूल पुरती चढत नसे, डोळ्यांतून पाणी येई. मी दोनदा सोबत होतो. मला ते बाहेर बसून ऐकवत नसे.

पहिल्या वर्षी काही नव्हतं, दुसऱ्या वर्षी काही नव्हतं. तिसऱ्या वर्षी जठरात दुसऱ्याच जागी नखाएवढा डाग सापडला.

त्या संध्याकाळी सरांच्या घरी मयत झाल्यासारखे लोक जमले. "परत आला," असं जो तो हळू आवाजात म्हणत होता. सर खुर्चीत बसले होते, चेहरा पांढरा पडला होता. घाबरले होते ते, उगीच कशाला खोटं लिहू? पण आवाज मैदानावरचाच होता. "परत आला न्हाय," ते म्हणाले. "पयला गेला त्यो गेला. ह्यो दुसरा हाय. आनि आपुन बघत हुतो म्हणून घावला." मग काकूंकडे वळून म्हणाले, "बघत नसतो तर?" काकू उठल्या आणि मुंबईची बॅग भरायला लागल्या. डाग वेळेवर सापडल्यामुळे तोही नळीतूनच निघाला. तेव्हापासून दर वर्षीची तारीख काकूच लक्षात ठेवतात आणि पाहुण्यांना उत्तरही त्याच देतात.

सरांच्या माणुसकीचे किस्से या ग्रंथात इतर लिहितीलच. मी एकच सांगतो. दवाखान्यात त्यांची ओळख आजऱ्याच्या शांताबाई नावाच्या एका बाईंशी झाली होती. काजूच्या कारखान्यात कामाला, सरांसारखाच डाग, सरांसारखाच इलाज. पुढच्या वर्षी त्या तपासणीला आल्याच नाहीत. सर एसटीने आजऱ्याला गेले. घरच्यांनी सांगितलं, "बाई आता ठणठणीत हाय, कशाला उगी?" सर ओट्यावर बसून राहिले. जेवायला वाढलं, जेवले नाहीत. "उद्या ह्यांना दवाखान्यात न्यायचं हाय, म्हणून ह्यांनी उपाशी ऱ्हायला पायजे. सोबत म्हणून मीबी उपाशी," म्हणाले. पहिल्या गाडीने बाईंना घेऊन आले. तपासणीत काही निघालं नाही. घरचे जरा चिडूनच म्हणाले, "बघा, कायबी नव्हतं." सर म्हणाले, "झ्याक झालं की. फुडल्या वर्षी परत येतो."

आता साठीच्या या समारंभाबद्दल. सरांची यंदाची तपासणी समारंभानंतर काही दिवसांनी आहे. समितीत विचार निघाला की रिपोर्ट येऊ द्या, चांगला आला की तारीख धरू. निमंत्रणपत्रिकेवर 'कॅन्सरवर विजय मिळवणारे' असंही छापायचं ठरत होतं. सरांना कळलं तेव्हा ते बैठकीत येऊन बसले. "रिपोर्ट कसाबी येऊ दे," ते म्हणाले, "साठ वर्सं तर झाली की न्हाय? ती कोन काढून घेतंय? आनि विजय-बिजय काय छापायचं न्हाय. मॅच चालू हाय." तारीख तीच राहिली. पत्रिकेतून ती ओळ गेली. म्हणून वाचकहो, तुम्ही हे वाचत असताना सरांच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नाही, सरांना नाही, डॉक्टरांनाही नाही. या ग्रंथातले बाकी लेख वाचताना हे विसरू नका. हा माणूस निकाल माहीत नसताना ताठ उभा आहे. मी त्याचा गौरव करतो आहे तो त्यासाठी.

समारंभाच्या दिवशी पेठेची पोरं पुन्हा गुलाल आणणार, हे मला कळलं आहे. मी दारातच उभा राहून पोती अडवणार आहे, हे त्यांनी आत्ताच ऐकून ठेवावं.

सर, लोक मोठ्या माणसाला यश चिंततात. मी चिंतणार नाही. तुमची पंच्याहत्तरी व्हावी, नव्वदी व्हावी, दर वर्षी तुम्ही तोंड वाकडं करून नळी गिळावी आणि बाहेर येऊन दवाखान्यासमोर माझ्याबरोबर गोड चहा प्यावा. काकूंनी तारीख विसरू नये. आणि तुमच्या अंगाला गुलाल कधीच लागू नये, सर. सामना असाच लांबत राहू दे. मी लाइनवर आहे.