माझ्या बाटलीतलं पाणी

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी हातपंपाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. आधी गुलाबी दिसलेला रंग पिवळा पडला. पिवळा म्हणजे फ्लोराइड जास्त; ते आधी दात खराब करतं, मग हाडं. नळी माझ्यासमोर धरून बाई म्हणाल्या, "लिहा भाऊ. वर्गातल्या लेकरांचे दात पाहा, अन् लिहा."

दात मी पाहिले होते. त्यांवर तपकिरी पट्टे होते.

गाव तेलंगणातल्या बोथपासून तासाभरावर, महाराष्ट्राच्या सीमेलगत. सीमेपलीकडून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाला मी या जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे. बाई गावातल्याच, बौद्धवाड्यातल्या. त्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबले होते. नळाचं पाणी वाड्यापर्यंत पोचत नव्हतं, म्हणून अख्खा वाडा या पंपावर होता. पंप बंद करून टँकर सुरू करावा, एवढीच बाईंची मागणी होती.

पंप सरपंचांनी खोदून घेतलेला. त्यावर त्यांच्या नावाची पाटी होती आणि निवडणूक तोंडावर आली होती. चार माणसं घेऊन ते पंपावर आले.

"पत्रकार साहेब, सहा वर्षं झाली, सारे पिऊन राह्यले. मेलं का कोनी? रंग तं शरबताचाबी बदलते."

माणसं हसली. त्यांतला एक म्हणाला, "टीचर, आमाले पास केलं का नापास?"

"पास-नापास नळी करते," बाई म्हणाल्या. "मी फक्त पेपर दाखवून राह्यली."

सरपंचांनी पंप हापसून लोटा भरला, अर्धा घटाघटा प्यायले, परत भरला आणि माझ्यापुढे केला. "घ्या. पाहुन्यानं गावचं पाणी घ्यावं."

"आत्ताच प्यालो," मी म्हणालो.

ते खरं नव्हतं. दहा मिनिटांनी गाडीपाशी जाऊन मी बोथहून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यालो.

बातमी मला शिकवलं होतं तशी लिहिली. आठ ओळी बाईंना, आठ सरपंचांना, शेवटी अधिकाऱ्यांचं वाक्य: नमुना प्रयोगशाळेत पाठवला आहे, अहवाल आल्यावर कळवू. मथळा होता, 'पंपाच्या पाण्यावरून गावात मतभेद'. प्रत्येक वाक्य तपासलेलं होतं, आणि कोणी काय म्हटलं ते तसंच होतं.

दोन्ही बाजू देण्याचा नियम मी राजकारणाच्या बातम्यांत शिकलो. कोणी पक्ष सोडला, कोणी कोणावर आरोप केला, तिथे खरोखरच दोन बाजू असतात. इथे एकीकडे नळीतला रंग होता आणि दुसरीकडे निवडून यायला निघालेला माणूस. दोघांना सारख्या ओळी देऊन मी त्यांना एका मापाचं केलं. त्या वेळी मला ते निःपक्षपाती वाटलं होतं.

सरपंचांनी कात्रण प्लास्टिकमध्ये बंद करून तारेनं पंपाला बांधलं आणि निवडणूक जिंकली. टँकर आला नाही. पुढे अहवाल आला. तो बाईंच्या बाजूचा होता. आतल्या पानावर आम्ही चार ओळी छापल्या. मी संपादकांना म्हणालो, पहिल्या बातमीची दुरुस्ती देऊ या. त्यांनी ती बातमी पुन्हा वाचली. "चूक कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मला दाखवता आली नाही.

गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेलो. सरकारी माणसांनी पंपाला लाल रंग देऊन 'पिण्यास अयोग्य' असं लिहिलं होतं. त्यावरच कात्रण लटकत होतं, शाई उडालेली, मथळा तेवढा वाचता येईल असं. नळ अजूनही वाड्यापर्यंत पोचला नव्हता. एक म्हातारी पंपावर घागरीएवढी पितळी गुंडी भरत होती. शाळेतून येणाऱ्या बाई मला पाहून थांबल्या. तक्रार केली नाही, चहाला बोलावलं. मग म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? त्या दिवशी तुमी गाडीपाशी बाटलीतलं पाणी पेले. मी पाह्यलं होतं. ते काऊन नाही लिहिलं?"

मी म्हातारीकडे वळून म्हणालो, "आजी, हे पाणी पिऊ नका. मीसुद्धा तेव्हा प्यालो नव्हतो."

तिनं हापसणं थांबवलं. कात्रणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो पेपर तुहाच का? मंग तवाच सांगाचं ना बाप्पा. तुह्या पेपरात मतभेद आला, म्हनून आमी पेत राह्यलो. आता माहे गुडघे गेले."

गुंडी उचलायला ती वाकली, पण तिला पुन्हा उभं राहता येईना. बाईंनी हात दिला.

तिचे गुडघे पाण्यानं गेले की वयानं, हे मी सांगू शकत नाही. कोणी तपासलेलं नाही. हे वाक्यही मी सवयीनं लिहिलं आहे.