चाचांची सागाची पट्टी

ओतूरच्या माझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये रंधा मशीनची पाती बसवायला एक चाचा येतात. आल्याआल्या खिशातली सागाची पट्टी काढून तिच्यावर फुंकर मारतात. पट्टी मशीनवर ठेवायची, हातानं पातं फिरवायचं, आणि ते पट्टीला किती पुढं ढकलतं ते बघायचं. पात्याच्या दोन्ही टोकांना सारखीच सरकली, की काम झालं.

यंदा दारांची मोठी ऑर्डर होती. मला धोका नको होता, म्हणून पात्याच्या उंचीतला केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारं महागडं डायल गेज आणलं. चाचांनी पाती बसवल्यावर मी मुद्दाम ते लावलं. दोन्ही टोकांना काटा एकाच रेघेवर थांबला. मी ओशाळून चाचांकडं बघितलं. ते गेजच निरखत होते.

"चांगलं निघालं की, भाऊ," ते म्हणाले. "दुकानदारानं फसवलं न्हाई तुमाला."