लावरीचा बांध

काल सकाळी बांधावर लावरी बसलेली दिसली. दिसली, हेच वाईट झालं. वाळल्या गवताच्या रंगाचा हा मुठीएवढा पक्षी सहसा दिसतच नाही. पायाजवळून भुर्रकन उडाला की कळतं, इथे होता. धोका आला की अंग चोरून गप्प बसायचं, एवढंच त्याला येतं. तीही तशीच बसली होती. पण शेजारच्या शेतातल्या माझ्या चुलत दिरांनी आदल्या दिवशी बांध पेटवला होता, आणि काळ्या राखेवरची लावरी पार रस्त्यावरूनसुद्धा दिसत होती.

"वहिनी, बांध कसा लख्ख झाला बघा," दीर म्हणाले.

"तिथे तिची अंडी होती, भाऊजी."

"असतील. साप पण होते की! आणि तुमच्या बाजूचं ते गवत? लोक हसतात."

"हसू देत. तुमची काडेपेटी इकडे आणू नका."

याच बांधाच्या वीतभर जमिनीसाठी आमची दोन घरं मोजणी आणून भांडली आहेत. हक्क सांगताना बांध सोन्याचा, आणि एरवी तो फवारायचा, खरवडायचा, जाळायचा. का, तर शेत नीटनेटकं दिसावं. जमिनीवर घर करणाऱ्यांनी जायचं कुठे?

वर घार फिरायला लागली होती. मी ढेकूळ मारून लावरीला माझ्या बाजूच्या गवतात हाकललं.

थोड्या वेळाने पाहिलं, तर ती पुन्हा राखेत, त्याच जागी येऊन बसली होती.