भाजी चिरायची फळी
तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला, की मला मारुंजीतलं ते मोबाईल दुरुस्तीचं दुकान आठवतं. माझा जुना टॅब्लेट सारखा अडकायचा, म्हणून मी दुकानदाराला विचारलं, "हा रूट करून नवी सिस्टीम टाकता येईल का?" तो गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला, "ताई, ह्याच्यावर आता भाजी चिरा. फळी म्हणून लई चांगला हाय." सगळे हसले. माझे कान तापले. घरी येऊन मी इंटरनेटवर माहिती वाचली, फोटो लॅपटॉपवर घेतले, टॅब्लेट रूट केला, म्हणजे कंपनीनं त्याला घातलेलं कुलूप उघडलं, आणि नवी सिस्टीम टाकली. पहिल्यांदा तो सुरू होताना कंपनीच्या चिन्हावरच अडकला. रडू आलं, पण दुकानातलं ते हसणं आठवून पुन्हा बसले. तिसऱ्या रविवारी टॅब्लेट झरझर चालू लागला. मग सुरू होताना दिसणारं चित्रही मी बदललं: चिरलेला कांदा, त्या दुकानाचं नाव आणि खाली 'हितं भाजी चिरून मिळंल'. भर गर्दीत त्या दुकानदाराच्या काउंटरवर टॅब्लेट सुरू केला. गिऱ्हाइकं खो खो हसली. तो लालबुंद झाला, मग हळूच म्हणाला, "ताई, मला बी शिकवा की." मी सरळ नाही म्हणाले. आता सोसायटीतल्या बायकांना मी हे हौसेनं शिकवते. तो अजूनही रस्त्यात भेटला की विचारतो, आणि मला नाही म्हणायला अजूनही तितकंच बरं वाटतं.