बर्फातल्या घराचं पाणी

सिंगापुरात खुर्चीवर बसून जपानातले नळ उबदार ठेवणारा माणूस अख्ख्या वाई तालुक्यात एकच निघाला, तो म्हणजे कुशल. थोरल्या भावाचं ऐकून आयटीआयला गेला, वायरमन झाला. आज तिथल्या वुडलँड्समध्ये त्याचा फ्लॅट आहे, बायको उल्का आहे, आणि इंग्रजीत भांडणारी, मराठीलाही सिंगापुरी 'ला'चं शेपूट लावणारी पोरगी वल्लरी आहे. थोरल्याचं ऐकलं की माणसाचं असं भलं होतं.

काम ऐकाल तर खरं वाटायचं नाही. सिंगापूरच्या काही पैसेवाल्यांनी बर्फ बघायला म्हणून जपानच्या उत्तरेला घरं घेऊन ठेवलीत. हिवाळ्यात तिथं पाइपातलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाइप काकडीसारखा उभा चिरतो. म्हणून पाइपाला विजेची केबल बांधायची. ती केबलही भारी शहाणी. पाइप जितका गार, तितकी जास्त वीज ओढणार; ऊब लागली की हात आखडता घेणार. थंडीच्या आधी कुशल तिकडे जाऊन केबली बांधून यायचा. मग थंडीभर बुकित बातोकच्या ऑफिसात, एसीत स्वेटर चढवून, कुठली केबल किती वीज ओढते ते पडद्यावर बघत बसायचा.

त्या वर्षी सिंगापुरातल्याच बेडोकच्या लिम आंटींनी कळवलं, नवरा वारला, आता तिकडचं घर उघडणार नाही. असल्या घराचं सगळं पाणी काढून टाकायचं आणि केबल बंद करायची, असा नियम. कुशलने पाणी काढलं, पण स्वयंपाकघरातल्या नळाशी त्याचा हात अडला. घराला कुलूप घालताना भरला तांब्या ठेवून निघायचं, ही त्याच्या आईची शिस्त. ती म्हणायची, कोरड्या घरात कुणीही वस्तीला येतं. तिने दिलेल्या दोन तांब्यांपैकी एक वुडलँड्सच्या ओट्यावर भरलेला असायचा, दुसरा फिरतीच्या बॅगेत. बॅगेतला काढून त्याने भरला आणि सिंकखाली पाइपाला टेकवून ठेवला. त्या एका पाइपात पाणी राखलं, आणि ते गोठू नये म्हणून त्यावरची केबल चालूच सोडली. कोणाला बोलला मात्र नाही.

जानेवारीत तिकडे बर्फ कोसळत होता. एका संध्याकाळी त्या घराचा आकडा झपकन खाली आला. म्हणजे पाइपाला ऊब लागली होती. जमिनीखालून येणारं पाणी पाइपातल्या पाण्याइतकं गार नसतं. नळ सोडला की पाइप जरा कोमट होतो. आता कुलूपबंद घरात नळ कोण सोडणार? केटली भरावी एवढ्या वेळाने आकडा परत वर गेला. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्याही.

हेमचंद्र, म्हणजे त्याचा पुण्याचा साहेब, पाठीशी येऊन उभा राहिला.

"कुशलराव, लिमबाईंच्या घरात पाणी नाही ना? मग केबल चालू कशी? बंद करा की."

बटण बोटाखालीच होतं. दाबलं असतं तर पाइप फुटून घरात पाणी झालं असतं. आणि त्या नळाला तोंड लावणारं जे कुणी होतं, त्याचं काय, हे तर त्याला विचारायचंच नव्हतं.

"साहेब, एका पाइपात पाणी आहे. मीच ठेवलंय."

"का?"

"घर सुनं पडू नये म्हणून."

हेमचंद्र त्याच्याकडे बघतच राहिला. "हे मी वर काय म्हणून सांगू? आजच पाणी काढून घ्या. आणि बेडोकला जाऊन बाईंना स्वतः सांगा. त्यांनी तक्रार केली, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

तिकडचा राखणदार नोमुरा. कुशलने त्याला घरात जायला सांगितलं. त्याचा फोन आला तेव्हा तो धापा टाकत होता.

"दारात कंबरभर बर्फ, त्यावर एक पाऊल नाही. कुलूप जागेवर. सिंक ओलं आहे. आणि तुमचं ते भांडं धुऊन ओट्यावर पालथं घातलंय."

"पाणी काढलंत?"

"नाही. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

कुशल बेडोकला गेला. नोकरी गेलीच, असं धरून गेला, पण एक शब्द लपवला नाही. अशी माणसं आमच्या वाईकडेच होतात. लिम आंटींनी सगळं ऐकून घेतलं.

"पालथं घातलं होतं?"

"हो."

"मीच मागे लागायचे त्याच्या. ओलं भांडं उताणं ठेवू नकोस म्हणून. जिवंतपणी ऐकलं नाही कधी."

"आंटी, केबल बंद करू?"

"तिकडे थंडी किती आहे?"

त्याने सांगितलं.

"मग बंद कशी करता? पाणी तरी मिळू दे त्याला."

तक्रार झाली नाही. नोकरी राहिली, केबलही राहिली. रोज संध्याकाळी आकडा पडायचा, आणि तो पडेपर्यंत कुशल खुर्ची सोडायचा नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिकडे वादळ आलं आणि त्या भागाची लाइट गेली. पडद्यावर शून्य. कुशलने फोन करून बघितले, पण रस्तेच बंद, जाणार कोण? सुन्न होऊन तो घरी आला. वुडलँड्समध्ये नेहमीसारखी घामाची धार.

"पपा, तांब्या फ्रीजमध्ये ठेवलेला का?" वल्लरी म्हणाली. "इतका कोल्ड आहे, टच नाही होत ला."

ओट्यावरचा तांब्या पालथा होता. खालची फरशी ओली होती.

"मी नाही हं धुतला," उल्का म्हणाली.

कुशलने हात लावला तर बोटं चिकटली. त्याने तांब्या फडक्यात धरून उताणा केला, काठोकाठ भरला, आणि खिडकीपाशी, वाऱ्याच्या बाजूला ठेवला.

"हा कुणासाठी?" उल्काने विचारलं.

"पाहुणे आहेत," तो हळूच म्हणाला. "तिकडची लाइट येईपर्यंत."