साहेबांचं स्पॅनिश

आमच्या चाकणच्या कंपनीचे मालक स्पॅनिश. त्यामुळे वरून फर्मान आलं, की क्वालिटीतल्या सगळ्यांनी स्पॅनिश शिकायचं आणि त्यातल्या एकाला तीन महिने तिकडच्या प्लांटवर पाठवणार. मला जायचं होतं. लपवू कशाला, जीव तुटत होता माझा.

दर शनिवारी कॅन्टीनमध्ये क्लास. शिकवणाऱ्या बाईंनी 'तू मला ते देतेस', 'मी तुला ते देते' असली रोजची वाक्यं घेतली. स्पॅनिशमध्ये 'मला', 'तुला', 'ते' ही चिमुकली सर्वनामं क्रियापदाच्या आधी बसतात: मे लो दास, ते लो दोय. मराठी माणसाला यात अवघड काय आहे? आपणही तसंच बोलतो की! पण आमचे हेड म्हणाले, "मॅडम, निवडीच्या परीक्षेला येणार तेवढंच सांगा," आणि पाढे म्हणावेत तसे घोकत बसले. त्यांचं बघून बाकीचे इंजिनिअरही घोकायला लागले. यांना डिग्र्या कुणी दिल्या, देव जाणे. अर्थ विचारला की नुसते दात काढायचे.

निवडीसाठी तिकडचा इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर आला. त्यानं स्पॅनिशमध्ये अगदी सावकाश विचारलं, पार्ट खराब निघाला तर लाइन कोण थांबवतं? हेडनी सूर लावला, "मे लो दास, ते लो दोय..." त्या बिचाऱ्यानं पुन्हा विचारलं, यांचं पुन्हा तेच! बाकीचे वह्यांत डोकं घालून बसले. साहेबांचं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला काही राहवेना. म्हटलं, "ला पारो यो." तिला मीच थांबवते. तो खुलला आणि पुढे माझ्याशीच बोलत राहिला.

कॉल संपल्यावर एचआरवाल्यानं मला बाजूला घेतलं. "सरांच्या आधी बोलायचं नसतं हो, मॅडम." आणि तिकडे जायला नाव कुणाचं लागलं? हेडचं! डोंबलाची सिनिऑरिटी. पिंपळे गुरवला घरी येऊन मी भांडी आदळली आणि मग रडले.

पंधरा दिवसांनी तिकडून हेडचा व्हिडिओ कॉल. "अहो, हा काय बडबडतोय, जरा सांगा ना." त्यांनी फोन त्या इंजिनिअरसमोर धरला. मला बघून तो म्हणाला, "पोर के नो आस वेनीदो तू?" तू का नाही आलीस?

"काय म्हणतोय, काय म्हणतोय?" हेडची घाई.

"काही नाही, सर," मी म्हटलं. "जेवलात का, विचारतोय."