मीटरच्या अलीकडे

खांब्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. काटकुळा, उंच, आणि उभी हयात विजेच्या खांबांवर गेलेली. लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय? त्याची एक रीत होती. तार जोडून खाली उतरला की घरात शिरायचा आणि पहिलं बटण स्वतः दाबायचा. घरच्या माणसाला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, "काही चुकलं असलं तर झटका मला बसू दे. मी ढीगभर खाल्लेत."

ही रीत सुरू झाली अक्काच्या घरी. अक्का थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. तिच्या घरातला पहिला दिवा लागला तो त्याच्या हातानं. तेव्हापासून वीज गेली की अक्का भावाची वाट बघत अंधारात बसून राही, पण बटणाला शिवत नसे.

मग वीज आयोगानं कामांची वाटणी केली. खांब्याच्या वीज कंपनीतल्या साहेबांनी सगळ्या तारवाल्यांना बोलावून सांगितलं, "गल्लीत तारांच्या दोन रांगा कुणी ओढत नाही. म्हणून तारा आपल्या एकट्याच्या, पण त्यांचा दर आयोग ठरवणार. मीटर मात्र कुणीही बसवावा. गिऱ्हाईक निवडेल तो. तारांच्या जोरावर आपण त्या धंद्यात घुसायचं नाही. मीटरला हात लावला, तर नोकरी गेली समजा."

"म्हणजे पाणी आम्ही ओढायचं, पाजायचं दुसऱ्यानं," खांब्या म्हणाला. सगळे हसले, साहेबही हसले. नियमात खोट नव्हती. मग आपल्याला काय सलतंय, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी अक्काची वीज गेली. खांब्यानं तपासलं. तार ठणठणीत, मीटर जळालेला.

"अक्का, हे आता आमच्याकडं नाही. मीटरवाल्याला फोन कर."

"तू काय पाहुणा आलायस?"

"कामावर आहे गं. तो मीटर बदलेल. संध्याकाळी मी येतो बटण दाबायला. तोवर हात लावू नकोस."

"म्हणजे भाऊ संध्याकाळी येणार," अक्का म्हणाली. "मग आत्ता कोण आलंय?"

खांब्यानं शिडी खांद्यावर घेतली आणि निघाला.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच त्याला तिच्या खिडकीत उजेड दिसला. तो नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकायला गेला, तर अक्कानं बाहेर खुर्ची मांडली. चहा बशीतल्या चांगल्या कपातून आला.

"बटण कुणी दाबलं?"

"मीच. मीटरवाला म्हणाला, आजी, दाबा. दाबलं."

"मग?"

"मग काय? लागला दिवा." तिनं हात पदराला पुसले. "इतकी वर्षं उगाच भीत होते."

खांब्यानं चहा संपवला आणि कप विसळायला उठला. अक्कानं तो हातातून काढून घेतला.

तिच्या दारावरून जाणाऱ्या तारांची निगा अजून तोच राखतो. आत दिवा लागलाय का, ते रस्त्यावरूनच बघतो.